दोन चौकटींतले दांपत्य

कै. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे नाव आज इंदुरात बहुधा ‘एम. वाय.’ रुग्णालयापुरतेच उरले आहे. मी दरबारी गवयाचा मुलगा. महाराजांच्या गोष्टी घरात पुष्कळ ऐकल्या. चित्रात मात्र त्यांना पाहिले ते फार उशिरा, विजय नगरात एका शिष्याच्या घरी, पुस्तकात.

जन्म १९०८ चा. वडिलांनी गादी सोडल्यावर १९२६ साली ते गादीवर आले, पूर्ण अधिकार १९३० मध्ये मिळाले. शिक्षण विलायतेत झालेले. मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग बांधून घेतली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

बेर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने १९२९ मध्ये त्यांना काळ्या विलायती पोशाखात रंगवले. पुढे १९३३-३४ मध्ये महाराजांचे आणि महाराणी संयोगितादेवींचे देशी वेषातले चित्रही त्यानेच केले. दोघे एका चौकटीत नाहीत. चेहऱ्यावर हसू नाही. पांढऱ्या अंगरख्यामागे पुन्हा पांढरेच! या चित्रांत भाव नाही, थंडपणा आहे, असे त्या दिवशी शिष्याचे वडील म्हणाले. मला ते पटले नाही. हा चित्रकार आधी चौकोन आखून रेखाटन करी, रेषा पट्टीने ओढल्यासारखी काटेकोर ठेवी, रंग मोजकेच घेई. विलंबित ख्यालात गवई तानांची घाई करीत नाही, एकेका सुरावर थांबतो. तेव्हा नवख्याला वाटते, काहीच चालले नाही. आमच्या वर्गात हे रोज घडते. इथली स्तब्धता त्या जातीची आहे. रत्नांचा थाट असूनही नजर आधी डोळ्यांकडे जाते, आणि ते डोळे फार तरुण आहेत.

१९३७ मध्ये महाराणी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर ब्रांकूसी हा शिल्पकार महाराजांच्या मंदिरासाठी इंदुरात येऊन गेला. ते मंदिर उभे राहिलेच नाही.

चित्रकार १९४९ मध्ये अझोर्स बेटांवरील विमान अपघातात गेला. जिनेट नव्ह ही थोर व्हायोलिनवादिकाही त्याच विमानात होती. महाराज १९६१ मध्ये मुंबईस निवर्तले. माणिकबागेत सरकारी कचेरी आली, सामान १९८० मध्ये परदेशात लिलावात गेले. २०१९ मध्ये पॅरिसला त्यांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले. इंदूरकरांनी ते छायाचित्रांतच पाहिले.