दीपधारिणीची दुसरी सेवा



फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ऐकताच रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते चित्र खरे आहे. परंतु तेथेच थांबलो, तर त्यांच्या सेवेचा मोठा भाग आपल्या नजरेआड राहील.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. सोळा वर्षांच्या असताना, १८३७ च्या फेब्रुवारीत, देव आपणांस सेवेसाठी पाचारण करीत आहे अशी त्यांची खात्री झाली. परिचारिकेचे काम त्या काळी हलके मानले जाई. घरच्यांचा विरोध सोशीत त्यांनी वाट पाहिली आणि १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेत शिक्षण घेतले.

१८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक तेथे आणले जात. अन्न, कपडे, स्वच्छ बिछाने सारे त्यांनी मिळविले. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू थांबेनात. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ करवून हवा खेळती केली, तेव्हा कोठे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. युद्धानंतर नाइटिंगेलबाईंनी आकडे तपासले. जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी अधिक माणसे नेली होती, आणि तीही आपल्या देखरेखीखाली! हे सत्य त्यांनी झाकले नाही. त्यातूनच त्यांची दुसरी सेवा सुरू झाली.

तिचे क्षेत्र होते आपला देश. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालानुसार हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ होते. शुद्ध पाणी व सांडपाण्याचा निचरा यांसाठी त्यांनी अविरत लेखणी चालविली. प्रकृतीने खचलेल्या त्या येथे कधीच येऊ शकल्या नाहीत. परंतु त्यांचे लक्ष छावण्यांवरून खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आणि १८८९ मध्ये संमत झालेल्या मुंबई इलाख्याच्या ग्रामस्वच्छता कायद्यातही बारकाईने लक्ष घातले. मात्र केवळ कायद्याने घर स्वच्छ होत नाही, हे त्या जाणून होत्या. कोणीतरी उंबरठा ओलांडून घरच्या माउलीशी बोलले पाहिजे. यासाठी १८९२ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यात स्त्रियांना शिक्षण देवविले, आणि १८९६ मध्ये हिंदुस्थानातील खेड्यांसाठीही तीच योजना सुचविली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात बसून हे लिहिताना मला छत्तीसगडातील मितानिन आठवतात. २००२ पासून त्या भगिनी घरोघर जाऊन आरोग्याची शिकवण देत आहेत. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हेत; पण वाट तीच आहे. वाचकहो, अशी भगिनी किंवा लस घेऊन आलेली परिचारिका आपल्या दारी आली, तर तिला उभ्या उभ्या वाटेस लावू नका. तिला बसायला द्या, आणि दारापुढच्या तुंबलेल्या गटाराविषयी ती बोलू लागली, तर तेही ऐका. तीही रुग्णसेवाच आहे. केवळ रोगाच्या आधी आलेली.