चौल पाहून गेलेला बगदादचा मुसाफिर

इतिहासकार अबुल हसन अली अल-मसऊदी नवव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये जन्मले. पैगंबरसाहेबांचे सहाबी, म्हणजे सोबती, अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचे ते वंशज. घरी बसून परमुलखाबद्दल लिहिणे त्यांना मान्य नव्हते. सिंधू नदीत मगरी आहेत, म्हणजे ती नाईलचाच फाटा, असे जाहिज या नामांकित लेखकाने लिहून ठेवले होते. मसऊदींनी ही चूक दाखवून दिली. त्यांनी सिंध स्वतः पाहिला होता.

सिंध, खंबायत करत हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, ते आपल्या चौलला पोहोचले. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथले हे बंदर. अरब त्याला सैमूर म्हणत. मसऊदींच्या नोंदीप्रमाणे इथे सुमारे १० हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी तर होतेच. पण इथेच जन्मलेलेही होते, त्यांना ‘बयासिरा’ म्हणत. आजच्या कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगताना ही नोंद टाळून पुढे जाता येत नाही.

राज्य होते राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राजा झंझ यांचे. या राजाने शंकराची बारा देवळे बांधल्याचे शिलाहारांच्या लेखांत आहे. त्याच राजाच्या अमलात मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. मसऊदी आले तेव्हा त्या जागी अबू सईद मारूफ बिन जकरिया होते. मशिदींना राजाचे संरक्षण होते. मसऊदींनी हे सारे दोन-चार वाक्यांत, बंदराची रोजची व्यवस्था सांगावी तसे सांगितले आहे. पान-सुपारीने लाल झालेल्या दातांवर मात्र ते चांगलेच रेंगाळले!

पुढे ओमान, आफ्रिकेचा किनारा, कास्पियनचा प्रदेश, शाम असे फिरून ते इजिप्तमध्ये स्थिरावले. भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रिया बंदराचा जगप्रसिद्ध दीपस्तंभ तेव्हा उभा होता. त्यावरही त्यांनी लिहिले. हिजरी ३४४ च्या रमजानमध्ये भूकंप झाला आणि स्तंभाच्या माथ्याचा सुमारे ३० हातांचा भाग कोसळला. त्या वेळी फुस्तातमध्ये असलेल्या मसऊदींनी ही घटना आपल्या शेवटच्या ग्रंथात महिना-वारासह नोंदवली. पुढच्याच हिजरी वर्षी, इ.स. ९५६ मध्ये, फुस्तातलाच त्यांचे निधन झाले.