घटना लिहिणारा वकील आणि दारातले रणगाडे : थायलंडचे प्रिदी फनोमयोंग

कांदिवलीत आम्ही ज्या विहारात जमतो, तिथली बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत अशा मूर्ती आहेत. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे ११० भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत चालत आले, तेव्हा गावोगावचे लोक स्वागताला रस्त्यावर उभे होते. थायलंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हेच येते : मूर्ती, चीवर, श्रद्धा. त्या देशातला माणूस मत देतो का, आणि दिलेल्या मताचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

आम्हाला तो विचारावा लागला, तो एका मुलामुळे. रविवारच्या अभ्यासवर्गाला दामूनगर, हनुमाननगर, लालजीपाडा अशा वस्त्यांतून मुले-मुली येतात. मध्यंतरी एक मुलगा बोलून गेला की देशात पाच वर्षे मिलिटरीचे राज्य आले पाहिजे, म्हणजे सगळे पुढारी सरळ होतील. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हे वाक्य आम्ही सकाळच्या चर्चगेट लोकलमध्येही अनेकदा ऐकले आहे. मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. तो स्वतः भरतीची तयारी करतो, पहाटे धावायला जातो. घराचे, पाण्याचे आणि नोकरीचे आश्वासन देऊन विसरलेली माणसे त्याने प्रत्येक निवडणुकीत पाहिली आहेत. म्हणून त्या रविवारी आम्ही वाद घातला नाही. त्याला एका वकिलाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहीत आहोत.

शेतकऱ्याचा मुलगा पॅरिसला जातो

प्रिदी फनोमयोंग यांचा जन्म ११ मे १९०० रोजी अयुथ्थया येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. थायलंडला तेव्हा सयाम म्हणत आणि तिथे राजाची अनिर्बंध सत्ता होती. कायदा राजाचा, खजिना राजाचा, मोठी पदे राजघराण्यातल्या माणसांची. प्रिदी अभ्यासात हुशार. एकोणिसाव्या वर्षी वकिलीची परीक्षा पास झाले आणि १९२० मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला फ्रान्सला गेले.

आपल्याला इथे साहजिकच बाबासाहेब आठवतात. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले होते. दोघांनी परदेशात कायदा आणि अर्थशास्त्र शिकले आणि दोघेही आपल्या देशातल्या माणसाचे काय करायचे, याच प्रश्नाने पछाडलेले होते.

फेब्रुवारी १९२७ मध्ये पॅरिसच्या एका खोलीत सात सयामी तरुण जमले आणि त्यांनी खाना रात्सदोन, म्हणजे जनतेचा पक्ष, स्थापन केला. त्यात प्रिदींसारखे कायदा शिकणारे होते आणि लष्करी शिक्षण घ्यायला आलेले तरुण अधिकारीही होते. त्या अधिकाऱ्यांपैकी एकाचे नाव फिबुन. प्रिदी आणि फिबुन तेव्हा मित्र होते. पुढची वीस वर्षे सयामचे राजकारण या दोघांभोवती फिरले.

१९३२ : घटना येते, पण कोणाच्या खांद्यावरून?

१९३२ हे वर्ष आपल्याला पुणे करारामुळे पाठ आहे. त्या कराराच्या बरोबर तीन महिने आधी, २४ जून १९३२ च्या पहाटे, जनतेच्या पक्षाने बँकॉकमध्ये सत्ता हाती घेतली. राजा त्या वेळी राजधानीत नव्हता. राजवाड्यासमोरच्या चौकात सैनिक जमवले होते आणि लष्करातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरनामा वाचला. तो जाहीरनामा प्रिदींनी लिहिला होता. तीन दिवसांनी, २७ जूनला, देशाची पहिली तात्पुरती घटना लागू झाली. तीही प्रिदींनीच लिहिली होती. देशाची सर्वोच्च सत्ता जनतेची आहे, असे त्या घटनेने पहिल्यांदा कागदावर आणले. पुरुषांबरोबर स्त्रियांनाही मताचा हक्क मिळाला.

पुढच्याच वर्षी प्रिदींनी आर्थिक आराखडा मांडला. शेतजमीन सरकारने मोबदला देऊन घ्यावी, शेतकऱ्याला ठराविक पगार मिळावा, आजारपण आणि म्हातारपणाची जबाबदारी सरकारने उचलावी, असे त्यात होते. बाबासाहेबांचे १९४७ चे राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. शेती आणि विमा सरकारच्या मालकीचा असावा, अशी तरतूद बाबासाहेबांना थेट राज्यघटनेतच हवी होती. ती मान्य झाली नाही. प्रिदींवर तर थेट कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला. एप्रिल १९३३ मध्ये संसद बंद झाली आणि प्रिदींना देश सोडावा लागला.

त्यांना परत आणले ते लष्करानेच. जून १९३३ मध्ये सैन्याने सरकार उलथवले आणि संसद पुन्हा उघडली. म्हणजे हे बंड घटना वाचवण्यासाठी झाले होते. लोकांना ते बरे वाटले, प्रिदींनाही वाटले असेल. पण देश वाचवायला सैन्य येते, ही सवय इथूनच लागली. पुढे प्रत्येक सेनापतीने आपण देश वाचवायला आलो आहोत, असेच सांगितले.

बांधलेल्या संस्था

परत आल्यावर प्रिदींनी जे काम केले ते अजून उभे आहे. २७ जून १९३४ रोजी त्यांनी थम्मासात विद्यापीठ स्थापन केले. नाव धर्मशास्त्र या शब्दावरून आलेले असले तरी आपल्याला या शब्दाने जे आठवते, ते तिथे शिकवले जात नव्हते. तिथे कायदा, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवत आणि दार सर्वसामान्यांना खुले होते. आपल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट.

गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री अशी पदे त्यांनी सांभाळली. परकीय देशांनी सयामवर लादलेले विषम करार बदलून घेतले. गरिबातल्या गरिबाला भरावा लागणारा माणशी कर रद्द केला. देशाच्या मध्यवर्ती बँकेचा पाया घातला.

धम्माशी त्यांचे नाते केवळ पूजेचे नव्हते. बुद्धदास भिक्खूंनी १९३२ मध्येच दक्षिण थायलंडमध्ये आपले केंद्र सुरू केले होते आणि कर्मकांड बाजूला ठेवून बुद्धाची मूळ शिकवण ते सांगत होते. प्रिदींनी त्यांना बोलावून दीर्घ चर्चा केल्या. समाजही अनित्य आहे, म्हणून कोणतीही राज्यव्यवस्था कायमची नसते, असे प्रिदींनी पुढे पुस्तक लिहून मांडले. १९४१ मध्ये संघाचा नवा कायदा झाला आणि भिक्खूसंघातही सभा, मंत्रिमंडळ, न्यायालय अशी लोकशाही रचना आली.

मित्र समोर उभा राहतो

डिसेंबर १९३८ मध्ये फिबुन पंतप्रधान झाले. सयामचे नाव थायलंड झाले आणि सेनापतीचा जयजयकार सुरू झाला. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य थायलंडमध्ये उतरले. फिबुन यांनी जपानशी हातमिळवणी केली आणि जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध जाहीर केले. राजा लहान आणि परदेशात असल्यामुळे त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या मंडळात प्रिदी होते. युद्धाच्या घोषणेवर त्यांची सही नव्हती. वर राजप्रतिनिधी म्हणून बसून त्यांनी आतून जपानविरोधी स्वतंत्र थाई चळवळ चालवली. १९४४ मध्ये संसदेत हरून फिबुन यांना पायउतार व्हावे लागले. १६ ऑगस्ट १९४५ रोजी प्रिदींनी ती युद्धघोषणा रद्दबातल ठरवली. थायलंड पराभूत देशांच्या रांगेत जाण्यापासून वाचला, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

मार्च १९४६ मध्ये प्रिदी पंतप्रधान झाले. मे महिन्यात नवी घटना आली. नोकरीत असलेल्या सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी राजकीय पद घ्यायचे नाही, हे तिने ठरवले. एका महिन्यात, ९ जूनला, तरुण राजा आनंद महिदोल राजवाड्यात गोळी लागून मृतावस्थेत सापडला. प्रिदींनीच राजाला मारले, अशी अफवा पसरवली गेली. एका सिनेमागृहात तर माणूस उठून तसे ओरडला. पुरावा काहीच नव्हता, पण अफवेला पुरावा लागत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्टमध्ये प्रिदींनी राजीनामा दिला.

८ नोव्हेंबर १९४७ च्या रात्री त्यांच्या घरासमोर रणगाडे आले. ते नदीवाटे निसटले आणि सिंगापूरला पोहोचले. फेब्रुवारी १९४९ मध्ये परत येऊन त्यांनी बळाने सत्ता मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या बाजूचे चार माजी मंत्री पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्या घालून मारले गेले. १९५२ मध्ये त्यांच्या पत्नी पूनसुक यांना अटक झाली आणि ८४ दिवस कोठडीत ठेवले गेले. प्रिदी वीसेक वर्षे चीनमध्ये आणि १९७० नंतर फ्रान्समध्ये राहिले. बदनामी करणाऱ्यांवर त्यांनी परदेशातून खटले भरले आणि ते जिंकले. पण देशात पाय ठेवता आला नाही. २ मे १९८३ रोजी पॅरिसजवळच्या घरी, टेबलाशी बसलेले असताना, त्यांचे निधन झाले.

फिबुन यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९५७ मध्ये सरित नावाच्या दुसऱ्या सेनापतीने त्यांना हाकलले आणि ते जपानमध्ये मेले. याच सरित यांच्या राजवटीत १९६२ मध्ये संघाचा लोकशाही कायदाही गेला आणि सारी सत्ता वरच्या काही भिक्खूंच्या हाती आली. बंदूक राजवाड्यात शिरली की विहारालाही मोकळे सोडत नाही.

लोकांचा भ्रमनिरास

सेनापती शिस्त आणतील, भ्रष्टाचार संपवतील, असे थायलंडमध्येही पुष्कळांना वाटायचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये थम्मासातच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या आंदोलनात लाखो लोक रस्त्यावर आले आणि हुकूमशहांना पळावे लागले. तीन वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७६ रोजी, त्याच विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. सरकारी आकड्यानुसार ४६ जण मेले. त्याच वर्षी कित्तिवुद्धो नावाच्या प्रसिद्ध भिक्खूने कम्युनिस्टांना मारण्यात पाप नाही, अशी भूमिका घेतली होती. चीवर घातलेला माणूसही प्राणिहत्येचे समर्थन करू शकतो. बौद्ध म्हणून आपल्याला हे ठाऊक असले पाहिजे.

१९३२ पासून थायलंडने डझनभर लष्करी बंडे आणि २० घटना पाहिल्या. शेवटचे बंड २२ मे २०१४ चे. त्यानंतर आलेल्या २०१७ च्या घटनेने लष्कराने नेमलेल्या २५० सिनेटरांना पंतप्रधान निवडण्यात मत दिले. त्याच वर्षी, १९३२ ची आठवण म्हणून चौकात बसवलेली पितळी फलकी गुपचूप नाहीशी झाली. २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी नवी फलकी बसवली, ती एका दिवसात उखडली गेली. मे २०२३ च्या निवडणुकीत लष्कराचा हस्तक्षेप नको म्हणणाऱ्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाला सर्वाधिक, १५१ जागा मिळाल्या. पण त्यांच्या नेत्याला सिनेटमधून फक्त १३ मते पडली आणि पंतप्रधानपद हुकले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने तो पक्षच बरखास्त केला. भिक्षेला दान देणारी, पंचशील म्हणणारी जनताच तिथे आज विचारते आहे की आमच्या मताचे मोल काय?

आपण काय घ्यायचे

प्रिदींवर एक टीका रास्त आहे. त्यांनी घटना आणली ती सैनिकांच्या खांद्यावर बसवून, झोपलेल्या शहरात, एका पहाटे. गावातल्या शेतकऱ्याला ती आपली वाटायला वेळच मिळाला नाही. ज्याच्या खांद्यावरून ती आली, त्याने ती हवी तेव्हा खाली टाकली. बाबासाहेबांनी आधी महाडचे तळे, सभा, परिषदा, वर्तमानपत्रे अशा वाटेने माणसे जागी केली. नंतर घटनेचे कलम न् कलम सभागृहात चर्चेला आले. म्हणून ती आपल्या वस्तीतल्या आजीलाही आपली वाटते.

आम्ही सैनिकाविरुद्ध बोलत नाही. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, वडील सुभेदार. महार रेजिमेंटचा अभिमान आपल्या घराघरांत आहे. तरीही १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना, ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, याचा जाब विचारणारे बाबासाहेबच होते. सैनिकाचा मान ठेवायचा आणि सैन्याच्या खर्चाचा हिशोब मागायचा, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या.

गोष्ट संपल्यावर त्या मुलाने विचारले की मग आपल्याकडे सैन्य बराकीत का राहते? आम्ही घटना उघडून त्याला कलम ५३ वाचायला दिले. सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि तेही कायद्याच्या चौकटीत. पैसा मंजूर करते संसद, आणि संसद निवडतो आपण. हे कागदावर आहे तोवर पुरेसे नाही, हे प्रिदींच्या आयुष्याने दाखवले आहे. व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेला इशारा आम्ही पुढच्या रविवारी वाचणार आहोत. तुमच्या विहारातही वाचा, आणि मिलिटरी राज्य हवे म्हणणाऱ्या मुलाला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवा. आमचा मुलगा अजूनही पहाटे धावायला जातो. त्याला सैन्यात जायचे आहे, आणि त्याने जावे असे आम्हालाही वाटते.

जयभीम. नमो बुद्धाय.