एर्लिख आणि देहाचा आत्मसंयम

संरक्षणासाठी बाळगलेले शस्त्र धन्यावरच उलटले तर काय, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच शरीरशास्त्राचाही आहे. तो नेमकेपणाने मांडणाऱ्यांत पॉल एर्लिख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१८५४ साली सायलेशियात, आजच्या पोलंडमधील एका लहान गावी, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेपासून त्यांना रंगद्रव्यांचे वेड होते. एखादा रंग एका प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, या निरीक्षणातून त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. बेरिंग यांच्या घटसर्पावरील प्रतिविषाची मात्रा मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धतही त्यांनीच घालून दिली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेच्निकॉव्ह यांच्यासमवेत मिळाले.

शतकाच्या आरंभी त्यांनी व मॉर्गेनरोट यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसरीचे रक्त टोचले की परक्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये तयार होत. तिच्या स्वतःच्या पेशींना मात्र ती अपाय करीत नसत. देहाच्या या आत्मघात टाळण्याच्या वृत्तीला एर्लिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे भारदस्त नाव दिले.

घोटाळा झाला तो नावामुळेच. स्वतःविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माणच होत नाहीत, असे एर्लिख यांचे प्रतिपादन नव्हते. त्यांना आवर घालणारी व्यवस्था शरीरात असली पाहिजे आणि ती बिघडल्यास रोग संभवतो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. १९०४ मध्ये डोनाथ व लँडश्टायनर यांनी असा एक रोग दाखवूनही दिला. तरीही अनेकांनी हे अशक्यच मानले. रोझ व विटेब्स्की यांचे सशांच्या अवटू ग्रंथीवरील प्रयोग १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही समजूत ढळली. विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच शिष्याचे शिष्य होते, हा योगायोग बोलका आहे.

एर्लिख १९१५ मध्ये निवर्तले. त्यांनी तर्काने जाणलेला लगाम पुढे सापडला. १९९५ मध्ये साकागुची यांनी संयम राखणाऱ्या टी पेशी ओळखल्या. २००१ मध्ये ब्रंको व रॅम्सडेल यांनी या संयमाशी निगडित जनुक शोधले. २०२५ चे नोबेल या तिघांना मिळाले. हा लगाम सैल पडला तर संधिवातासारखे विकार जडतात, फार आवळला तर कर्करोगाला मोकळे रान मिळते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सांधे वाचवितात, पण जंतूंना दार उघडे करतात.

थोरांचे शब्द पाठ होतात, त्यांतील जर-तर मात्र गळून पडतात. त्याची किंमत येथे रुग्णांनी मोजली. एर्लिख यांना न्याय द्यावयाचा तर त्यांनी दिलेले नाव घोकण्याऐवजी त्यांचा प्रश्नच वर्गात पुन्हा विचारला पाहिजे.