चालुक्य विक्रम शक आणि आमचे कागद

नांदेड-लातुराकडील एखाद्या जुन्या घरांत दस्तऐवजांचें बोचकें सोडलें, तर कागदावर फसली सन दिसतो; त्यांत ५९० मिळवावे तेव्हां इसवी सन निघतो. पंचांगावर शालिवाहन शक असतो आणि कित्येक व्यापाऱ्यांच्या दिवाळीच्या वहीवर विक्रम संवत्. परंतु याच मुलखांत एके काळीं आणखी एक कालगणना चालत होती, व तिचें नांवही आज कोणाच्या ओठीं नाहीं. ती काढणाऱ्या राजाचें चरित्र बोधप्रद असल्यामुळें तें आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. उज्जयिनीचा विक्रम नव्हे. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं देवळें याच चालुक्यांच्या काळचीं होत. विक्रमादित्य हा पहिल्या सोमेश्वराचा धाकटा पुत्र. पित्याच्या हयातींत मोहिमा त्यानें गाजविल्या. पण १०६८ सालीं पित्यानें तुंगभद्रेंत देह ठेविल्यावर गादी वडील बंधु दुसऱ्या सोमेश्वराकडे गेली. भावाभावांत बेबनाव झाला. विक्रमादित्यानें चोल राजा वीरराजेंद्र याची कन्या वरून आपली बाजू बळकट केली, आणि १०७६ सालीं भावास पदच्युत करून कैदेंत टाकिलें. काश्मीरहून आलेल्या बिल्हण कवीनें या कृत्यावर ईश्वरी आज्ञेचें पांघरूण घातलें आहे. कैदेंतील भावाच्या बाजूनें मात्र कोणी काव्य लिहिलें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

राज्यावर येतांच त्यानें शालिवाहन शक बाजूस सारून स्वतःचा चालुक्य विक्रम शक सुरू केला. शके ९९८ हें त्याचें पहिलें वर्ष. पुढें धाकटा भाऊ जयसिंह उलटला, त्याचा त्यानें मोड केला. होयसळांनीं डोकें वर काढलें, त्यांसही आवरिलें. पन्नास वर्षें राज्य करून ११२६ सालीं तो वारला.

त्या शकाचें पुढें काय झालें? प्रत्यक्ष पुत्र तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत व ज्याच्या काळचा लेख लातुरांतील पापविनाशक मंदिरांत आहे, तोच आपल्या राज्यारोहणापासून भूलोकमल्ल वर्षें मोजूं लागला! बापाचा शक आणखी कांहीं काळ कोठें कोठें कोरला गेला, पण चालुक्यांची सत्ता बुडाली तेव्हां तोही बुडाला. जो शालिवाहन शक त्यानें बाजूस सारिला, तोच २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय कालगणना झाला. जपानांत बादशहांच्या कालखंडांस नांवें देण्याची चाल ६४५ सालीं सुरू झाली, आणि तेथें आजही रेइवा हें नांव नाण्यांवर व कागदोपत्रीं चालतें. कालगणना राजाच्या हुकुमानें जन्मते खरी. पण ती जगते लोकांच्या रोजच्या लिहिण्यानें.

आतां दुसरी बाजू पहा. याच राजाच्या आश्रयानें कल्याणीस विज्ञानेश्वर नांवाचा पंडित याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा नांवाची टीका लिहीत बसला होता. राजाचा शक गेला, राजधानी गेली. पंडिताची टीका मात्र बंगाल वगळून बहुतेक हिंदुस्थानांत वारसाहक्काचा कायदा होऊन बसली. कां? तर प्रत्येक घरीं वाटणी होते आणि प्रत्येक वाटणींत तिचा आधार घेतला जाई. वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हें तिचें प्रसिद्ध तत्त्व. तें न्याय्य खरें; पण त्या जन्मसिद्ध हक्कांत मुलीस स्थान नव्हतें. ही उणीव महाराष्ट्रांत १९९४ च्या व साऱ्या देशांत २००५ च्या कायद्यानें दूर झाली.

येथें आमचा मुद्दा येतो. कायदा झाला, पण वाटणीच्या दिवशीं काय घडतें? बहिणीस माहेरीं बोलावितात, साडीचोळी करितात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. भावाचें दार बंद होईल या भयानें ती सही करिते, आणि आपण त्यास राजीखुषी म्हणतों! मग विक्रमादित्याच्या शकांत आणि या कायद्यांत अंतर तें काय उरलें? दोन्ही वरून आले, दोन्ही लेखांत कोरले गेले, आणि घरच्या वहींत दोहोंचाही पत्ता नाहीं.

आमच्या व्यापारी बंधूंस हिशेबाची चाड असते. दुसऱ्याची पै आपल्या खातीं जमा धरणें त्यांस पाप वाटतें. हाच नियम त्यांनीं बहिणीच्या खात्यास लावावा, इतकेंच आमचें मागणें आहे. नवा शक शिळेवर कोरून सुरू होत नसतो. घरांतील पुढच्या वाटणीच्या कागदावर बहिणीचें नांव भावांच्या नांवांशेजारीं लिहिलें जाईल, त्या दिवशींच तो सुरू झाला असें आम्ही समजूं.