पंडिता रमाबाईंची अमेरिका

अमेरिकेचा प्रवास म्हटला, की नायगारा आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा डोळ्यांसमोर येतो. पंडिता रमाबाईंनी मात्र हा देश निराळ्याच दृष्टीने न्याहाळला.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील गमावले; १८८२ मध्ये वैधव्य आले. इंग्लंडमध्ये शिकत असताना फिलाडेल्फियाहून निमंत्रण आले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी तेथे डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई चिमुकल्या मनोरमेसह उपस्थित होत्या. पुढे त्या अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या.

गावोगाव व्याख्याने देताना त्यांनी शाळा, बालोद्याने आणि स्त्रियांच्या संस्था बारकाईने पाहिल्या. प्रशंसेने त्या भारावून गेल्या नाहीत. कृष्णवर्णीयांवरील अन्याय आणि मूळ रहिवाशांची दुर्दशाही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. हे सारे त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या मराठी ग्रंथात मांडले.

या भ्रमंतीमागे एक ध्यास होता. भारतातील उच्चवर्णीय बालविधवांना निवारा व शिक्षण द्यायचे, तर पैसा हवा होता. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले.

मायदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. तो आनंदसोहळा पाहायला आनंदीबाई मात्र हयात नव्हत्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. प्रवासातून त्यांनी मायदेशी आणला, तो निराधार स्त्रियांसाठी आधार.