डिझेल नावाचा माणूस

डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम मी झोपेतही काढीन. पण डिझेल हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे मला एसई संपेपर्यंत ठाऊक नव्हतं!

रुडॉल्फ डिझेल 1858 साली पॅरिसमध्ये जन्मला. आई-वडील जर्मन. 1870 साली फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं, घर सोडावं लागलं आणि बारा वर्षांचा पोरगा लंडनमार्गे ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला गेला. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकात कार्ल फॉन लिंडे त्याचे सर होते. वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहाएक टक्के उष्णता कामी लावतं आणि बाकीची फुकट जाते, हे तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

त्याची आयडिया तशी सोपी. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तापून लाल व्हावी, आणि मग इंधन सोडायचं. स्पार्क प्लगची गरजच नाही. पेटंटमध्ये मात्र त्याने ज्वलन स्थिर तापमानाला धरलं होतं, म्हणजे थेट कार्नोच्या जवळ जायचं! ते जमेना. आपण पाठ करतो ती स्थिर दाबाची सायकल म्हणजे त्याने केलेली तडजोड आहे. टेक्स्टबुकात हे एका ओळीत तरी लिहायला काय हरकत होती?

ऑगस्ट 1893 मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं खरं, पण स्फोटात दाब मोजायचा इंडिकेटरच उडाला. (आमच्या लॅबमध्ये तो हलला तरी ओरडा बसतो.) साडेतीन वर्षं खटपट केल्यावर फेब्रुवारी 1897 मध्ये प्रोफेसर श्र्योटर यांनी मोजमाप घेतलं : कार्यक्षमता 26.2 टक्के. वाफेच्या इंजिनांच्या दुपटीहून जास्त!

पैसा धो-धो आला आणि तसाच गेलाही. पेटंटवरचे वाद, जमिनीचे फसलेले व्यवहार, ढासळलेली तब्येत. 1912 मध्ये त्याच्या तत्त्वावरच्या इंजिनांवर सेलांडिया हे जहाज समुद्रात उतरलं, तेव्हा तो स्वतः कर्जात बुडत होता.

29 सप्टेंबर 1913 ला तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीत बसला. रात्री जेवून केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी, बिछाना न वापरलेला. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल कधीच लागला नाही.

डिझेलवरचे ट्रक रस्त्यावर यायला अजून दहा वर्षं होती.